जांभळ्या वस्त्राची किंमत

(एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



रोमचे साम्राज्य का कोसळले, हा प्रश्न एडवर्ड गिबनने १७७६ मध्ये आपल्या विख्यात ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध केला तेव्हापासून सतत चर्चिला जात आहे. या प्रश्नाचे आपण शाळेत शिकलेले उत्तर सोपे आहे. उत्तरेकडून रानटी टोळ्या आल्या आणि त्यांनी साम्राज्य गिळंकृत केले. हे उत्तर खोटे नाही. परंतु अपुरे आहे. टोळ्या सीमेवर शतकानुशतके होत्याच. रोमची सैन्ये त्यांना शतकानुशतके थोपवीतही होती. मग असे काय घडले की, एके दिवशी त्या सीमेवर थोपवायला पुरेसे कोणी उरलेच नाही? सीमेवरचे सैन्य गेले कोठे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला शत्रूच्या छावणीकडे नव्हे, तर रोमच्याच सेनापतींच्या छावण्यांकडे आणि रोमच्याच दरबाराकडे पाहावे लागते. इसवी सनाच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या शतकांत रोमन सेनापतींनी वारंवार स्वतःलाच सम्राट म्हणवून घेतले आणि त्यापायी साम्राज्यात वारंवार यादवी माजली. आजचा विषय तो आहे. आपल्याकडे विदर्भात वाकाटकांची सत्ता नांदत होती, साधारण तो हा काळ. त्या काळातील रोमन सुवर्णनाणी दक्षिण भारतात सापडली आहेत. म्हणजे ज्यांच्या मुद्रेचे सोने आपल्या व्यापाऱ्यांनी हाताळले, त्या सम्राटांच्या घरची ही कथा आहे.

तोतया नव्हे, राज्यापहारी

प्रथम एका शब्दाचा उलगडा करू. गादीवर खोटा हक्क सांगणारा म्हटले की आपल्याला पटकन तोतया आठवतो. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला, हे मराठी माणसाला सांगायला नको. परंतु तोतया दुसऱ्याचे नाव घेऊन येतो. रोममधला राज्यापहारी तसा नव्हता. तो आपल्या स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सैन्यासह, राजरोस उभा राहत असे. बहुतेक वेळा तो कर्तबगार सेनापती असे. त्याचे सैनिक त्याच्या अंगावर सम्राटाचे जांभळे वस्त्र चढवीत, मस्तकावर मुकुट ठेवीत आणि जयघोष करीत. मग त्याच्या नावाची नाणी पडत, त्याच्या प्रतिमा गावोगाव पाठविल्या जात आणि त्याचे दूत विद्यमान सम्राटाकडे जात. 'मला सहसम्राट म्हणून मान्यता द्या,' ही त्यांची मागणी असे. मान्यता मिळाली तर तो सम्राट. न मिळाली तर युद्ध.

आता प्रश्न असा की, खरा सम्राट कोण आणि राज्यापहारी कोण, हे ठरवायचे कसे? याचे उत्तर रोमन राज्यव्यवस्थेपाशी नव्हते. वारसाहक्काचा निश्चित कायदा रोमने कधी केलाच नाही. पित्यामागे पुत्र येई, दत्तकही येई, सिनेट संमती देई. परंतु या सर्वांच्या मुळाशी सैन्याचा जयघोष होता. जो जयघोष एका सम्राटाला अधिकार देत होता, तोच दुसऱ्याला बंडखोर ठरवीत होता.

रोम शहरात आजही उभी असलेली कॉन्स्टंटाइनची कमान पाहावी. कॉन्स्टंटाइनला इ.स. ३०६ मध्ये ब्रिटनमधील यॉर्क येथे त्याच्या पित्याच्या सैन्याने सम्राट घोषित केले. त्याच वर्षी रोममध्ये मॅक्सेन्शियस सम्राट झाला. दोघेही सम्राटपुत्र, दोघांनाही प्रस्थापित व्यवस्था डावलून सैनिकांनीच वर चढविलेले. ३१२ मध्ये मिल्व्हियन पुलापाशी दोघांची गाठ पडली. कॉन्स्टंटाइन जिंकला आणि मॅक्सेन्शियस टायबर नदीत बुडाला. ३१५ मध्ये उभारलेल्या विजयकमानीवरील लेखात पराभूताचे नावसुद्धा नाही. त्याचा उल्लेख केवळ 'जुलमी सत्ताधीश' असा आहे. त्या काळच्या लॅटिनमध्ये 'टायरॅनस' हा शब्द राज्यापहारी याच अर्थाने रूढ झाला होता. निकाल रणांगणावर लागत होता आणि शब्द मागाहून कोरले जात होते.

पन्नास वर्षांचे अराजक

या व्याधीचे उग्र रूप तिसऱ्या शतकात दिसले. २३५ मध्ये अलेक्झांडर सेव्हेरस या सम्राटाची त्याच्याच सैनिकांनी हत्या केली. तेव्हापासून २८४ मध्ये डायोक्लेशियन सत्तेवर येईपर्यंतच्या पन्नास वर्षांत वीसहून अधिक मान्यताप्राप्त सम्राट होऊन गेले. अल्पकाळ मिरविलेले दावेदार वेगळेच. त्यांतील बहुतेकांचा अंत शस्त्राने झाला. रोगाने मेलेला दुसरा क्लॉडियस हा जवळजवळ अपवादच म्हणायचा.

२६० मध्ये व्हॅलेरियन हा सम्राट पर्शियाच्या शापूरच्या हाती जिवंत सापडला आणि साम्राज्याचे तुकडे पडू लागले. गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, पोस्ट्युमस नावाच्या सेनापतीने स्वतंत्र सत्ता उभारली. हा पोस्ट्युमस राज्यापहारी खरा, परंतु ऱ्हाइनची सीमा त्याने नेटाने राखली. २६९ मध्ये त्याच्याविरुद्ध माइन्झ येथे बंड झाले. ते त्याने मोडले. मात्र आपल्याच प्रजेचे ते शहर लुटण्याची परवानगी त्याने सैनिकांना नाकारली. सैनिकांनी तत्काळ त्याला ठार मारले. ज्या तलवारीने गादी दिली, तिचे लाड पुरविले नाहीत तर ती मानेवर येते, हा धडा साऱ्या साम्राज्याने पाहिला.

यामागे एक रोकडा हिशेबही होता. नवा सम्राट गादीवर आला की प्रत्येक सैनिकाला बक्षिसी द्यावी लागे. ३६० मध्ये ज्युलियनने दिलेले वचन अम्मियानसने नोंदविले आहे : माणशी पाच सुवर्णनाणी आणि एक पौंड चांदी. सम्राट जितक्या वेळा बदलेल, तितकी सैनिकांची चांदी. हा भार अखेर पडणार तो कर भरणाऱ्या शेतकऱ्यावर.

डायोक्लेशियनने हे ओळखले. एका सम्राटाच्या जागी त्याने चार केले : दोन ज्येष्ठ आणि दोन कनिष्ठ. प्रत्येक सीमेजवळ एक सम्राट असला, तर तेथल्या सैन्याला नवा शोधावा लागणार नाही, असा हा विचार. १ मे ३०५ रोजी तो स्वेच्छेने पायउतार झाला आणि सहकाऱ्यालाही त्याने पायउतार व्हायला लावले. परंतु अवघ्या सव्वा वर्षात यॉर्कच्या सैनिकांनी कॉन्स्टंटाइनचा जयघोष केला आणि ती घडी विसकटली.

इथवर ऐकल्यावर कोणी म्हणेल, हे सारे महत्त्वाकांक्षी माणसांचे खेळ होते. काही अंशी होतेच. परंतु मी आयुष्यभर वृत्तपत्राच्या व्यवसायात राहिलो आहे आणि माझे लक्ष एका वेगळ्याच गोष्टीकडे जाते. यांतील अनेक बंडांच्या मुळाशी एक खोटा कागद किंवा एक दडपलेला अहवाल सापडतो. बंडखोर बंड करण्यापूर्वी निष्ठावंत होता आणि त्याला बंडखोर दरबारानेच केले, असे वारंवार आढळते. तीन उदाहरणे सांगतो.

पहिले उदाहरण : आरमारप्रमुख कॅरॉशियस

२८६ च्या सुमारास इंग्लिश खाडीत फ्रँक आणि सॅक्सन चाच्यांचा उपद्रव वाढला होता. त्यांच्या बंदोबस्तासाठी कॅरॉशियस या आरमारप्रमुखाची नेमणूक झाली. त्याने चाच्यांना धडा शिकविला. परंतु दरबारात कागाळी पोहोचली की, हा चाच्यांना आधी लूट करू देतो, मग त्यांना गाठतो आणि जप्त केलेला माल स्वतःकडे ठेवतो. आरोप खरा की खोटा, हे आज सांगणे अशक्य. मात्र सुनावणीची वाट पाहिली गेल्याचे दिसत नाही. सम्राट मॅक्सिमियनने त्याच्या देहान्ताचा हुकूम सोडला. हुकमाची वार्ता लागताच कॅरॉशियसने स्वतःला सम्राट घोषित करून ब्रिटन ताब्यात घेतले.

त्याची नाणी मोठी बोलकी आहेत. एका नाण्यावर डायोक्लेशियन, मॅक्सिमियन आणि तो स्वतः असे तिघांचे मुखवटे शेजारी-शेजारी आहेत आणि लेख आहे तो कॅरॉशियस आणि त्याच्या 'बंधूंचा'! त्याला साम्राज्य मोडायचे नव्हते. साम्राज्यात जागा हवी होती. 'बंधूंनी' ती दिली नाही. सुमारे सात वर्षांनी त्याच्याच अर्थकारभाऱ्याने, अॅलेक्टसने, त्याची हत्या केली आणि २९६ मध्ये कॉन्स्टंटाइनच्या पित्याने ब्रिटन परत जिंकले. चाच्यांशी लढण्यासाठी बांधलेले आरमार दशकभर रोमच्याच विरुद्ध वापरले गेले.

दुसरे उदाहरण : सिल्व्हॅनस आणि पुसलेली पत्रे

दुसरे उदाहरण सविस्तर सांगायला हवे, कारण त्याचा साक्षीदार स्वतः इतिहासकार होता. अम्मियानस मार्सेलिनस हा ग्रीकभाषक लष्करी अधिकारी. त्याने निवृत्तीनंतर लॅटिनमध्ये इतिहास लिहिला. ३५५ सालच्या या प्रकरणात तो प्रत्यक्ष सहभागी होता.

सिल्व्हॅनस हा फ्रँक वंशाचा रोमन सेनापती. त्याचा पिता कॉन्स्टंटाइनच्या बाजूने लढलेला. सम्राट दुसऱ्या कॉन्स्टॅन्शियसने त्याला गॉलची सीमा सावरण्यासाठी पाठविले आणि तो ते काम चोख करीत होता. डायनॅमियस नावाच्या एका माणसाने त्याच्याकडून मित्रांच्या नावे शिफारसपत्रे मागून घेतली. हा डायनॅमियस कोण? सम्राटाच्या ओझ्याच्या जनावरांचा हिशेब ठेवणारा कारकून. त्याने त्या पत्रांवरील मजकूर ओल्या बोळ्याने पुसून काढला, खालची सही तेवढी ठेवली आणि वर नवा मजकूर लिहिला. सिल्व्हॅनस उच्च पदाची आकांक्षा धरून दरबारातील मित्रांचे साहाय्य मागत आहे, असा त्याचा आशय. मुलकी कारभाराचा उच्चाधिकारी लॅम्पेडियस या कटात सामील असल्याचे अम्मियानस सांगतो. त्यानेच ती पत्रे एकांतात सम्राटापुढे ठेवली. आपल्याकडे लोकपरंपरा सांगते की, नारायणराव पेशव्यांच्या प्रकरणात 'ध' चा 'मा' झाला. येथे एक अक्षर नव्हे, संपूर्ण पत्रच बदलले गेले.

दरबारात एकच खळबळ उडाली. मॅलॅरिकस नावाच्या फ्रँक अधिकाऱ्याने उघडपणे सांगितले की, सिल्व्हॅनस निर्दोष आहे. मला पाठवा, मी त्याला घेऊन येतो आणि जामीन म्हणून माझे कुटुंब येथे ठेवतो. त्याचे ऐकले गेले नाही. त्याच्याऐवजी अॅपोडेमियस हा माणूस रवाना झाला. त्याने सम्राटाचे बोलावणे सिल्व्हॅनसच्या हाती दिलेच नाही. उलट तो जणू दोषी ठरलाच आहे, अशा थाटात त्याच्या आश्रितांना आणि गुलामांना छळायला प्रारंभ केला.

इकडे कट उघडकीस आला तो एका सरळ माणसामुळे. कटवाल्यांनी सिल्व्हॅनस व मॅलॅरिकस यांच्या नावाने आणखी एक बनावट पत्र क्रेमोना येथील शस्त्रकारखान्याच्या प्रमुखाला पाठविले. त्या बिचाऱ्याला त्याचा अर्थच लागेना. त्याने खुलासा मागण्यासाठी ते पत्र मॅलॅरिकसकडे परत धाडले. चौकशी झाली आणि फ्लोरेन्शियस नावाच्या अधिकाऱ्याला बारकाईने पाहता जुन्या मजकुराच्या पुसट खुणा दिसल्या. सत्य बाहेर आले.

परंतु उशीर झाला होता. कोलोनमध्ये बसलेल्या सिल्व्हॅनसला आपल्यावर काय शिजत आहे याच्या वार्ता मिळत होत्या. फ्रँक टोळ्यांकडे पळून जावे, तर ते ठार मारतील किंवा पैसे घेऊन स्वाधीन करतील, असे त्याला त्याच्याच माणसाने सांगितले. दरबारात जावे, तर मृत्यू. सगळे मार्ग खुंटल्यावर त्याने लष्करी निशाणांवरील जांभळे कापड काढून अंगावर घेतले आणि तो सम्राट झाला. या प्रसंगी अम्मियानस एक पुरावा देतो तो मननीय आहे. जांभळे वस्त्र घेण्याच्या अवघे पाच दिवस आधी सिल्व्हॅनसने सैनिकांना पगार वाटला होता, तोही कॉन्स्टॅन्शियसच्या नावाने. आणि शूर व निष्ठावान राहा, असे आवाहन केले होते. बंडाचा बेत असता, तर एवढे सोने त्याने स्वतःच्या नावाने वाटले नसते काय?

सम्राटाने या संकटावर उर्सिसिनस या सेनापतीला पाठविले. तो स्वतःही संशयाच्या छायेत होता. त्याच्यासोबतच्या मोजक्या अधिकाऱ्यांत अम्मियानस होता. ते सिल्व्हॅनसचे मित्र म्हणून कोलोनला पोहोचले, त्याच्या पंक्तीला बसले, त्याची गाऱ्हाणी ऐकली आणि आतून काही सैनिक तुकड्यांना पैसे चारले. एका पहाटे मारेकरी घुसले. प्रार्थनेला निघालेला सिल्व्हॅनस भयाने एका लहान प्रार्थनास्थळात शिरला. तेथून ओढून काढून त्याला ठार करण्यात आले. त्याचे सम्राटपद अठ्ठावीस दिवसांचे.

आता हिशेब पाहा. डायनॅमियसला शिक्षा झाली नाही; त्याला टस्कनीचा कारभार मिळाला. उर्सिसिनसला शाबासकी नव्हे, तर गॉलच्या खजिन्यातील पैशांविषयी पृच्छा झाली. सिल्व्हॅनसच्या लहान मुलाला मात्र सम्राटाने जीवदान दिले, ही गोष्ट त्याच्या बाजूने नोंदविली पाहिजे. आणि सीमा? काही महिन्यांतच फ्रँकांनी कोलोन जिंकून उद्ध्वस्त केले. ते परत मिळवायला ३५६ साल उजाडले आणि ज्युलियनला तेथे जावे लागले. एका कारकुनाच्या ओल्या बोळ्याने साम्राज्याचा एक निष्ठावंत सेनापती आणि ऱ्हाइनवरचे एक मोठे शहर, दोन्ही पुसून टाकले.

तिसरे उदाहरण : चार हजार उंट

तिसरे उदाहरण आफ्रिकेचे. आजच्या लिबियातील लेप्सिस मॅग्ना हे वैभवशाली शहर. ३६० नंतरच्या दशकात वाळवंटी टोळ्यांनी त्याच्या परिसरात जाळपोळ सुरू केली. नागरिकांनी आफ्रिकेचा सेनाप्रमुख रोमॅनस याच्याकडे धाव घेतली. तो सैन्यासह आला आणि म्हणाला, मुबलक रसद आणि चार हजार उंट द्या, मग लढतो. होरपळलेल्या शहराने इतके उंट आणायचे कोठून? चाळीस दिवस बसून रोमॅनस काहीही न करता परत गेला.

नागरिकांनी सम्राट व्हॅलेन्टिनियनकडे दूत पाठविले. परंतु दरबारी कार्यालयांचा प्रमुख रेमिजियस हा रोमॅनसचा नातलग. चौकशीसाठी सम्राटाचा चिटणीस पॅलेडियस आला. त्याच्याकडे सैन्याच्या पगाराची रक्कमही होती. रोमॅनसच्या सल्ल्यावरून अधिकाऱ्यांनी त्यातला मोठा वाटा पॅलेडियसलाच दिला. पॅलेडियसने शहराची दुर्दशा डोळ्यांनी पाहिली आणि सम्राटाला सर्व सांगतो, असे तो रोमॅनसला म्हणाला. रोमॅनसचे उत्तर सरळ होते : मग मीही त्या पैशांविषयी सांगतो! दोघांचे जमले. तक्रारी निराधार आहेत, असा अहवाल सम्राटाकडे गेला. परिणाम काय? ज्या दोन नागरिकांनी पॅलेडियसला उद्ध्वस्त भाग दाखविला होता, त्यांच्या जिभा कापण्याचा हुकूम निघाला. ते भूमिगत झाले म्हणून वाचले. प्रांताच्या प्रामाणिक अधिकाऱ्याला देहान्त शासन झाले.

याच रोमॅनसच्या कारकिर्दीत, ३७२ च्या सुमारास, फर्मस नावाच्या मूर सरदाराने बंड केले. घरातल्या वादात त्याने आपल्या भावाची, झॅमॅकची, हत्या केली होती आणि झॅमॅक हा रोमॅनसच्या मर्जीतला. रोमॅनसने फर्मसविरुद्ध अहवालांचा सपाटा लावला आणि फर्मसची बाजू मांडणारे कागद रेमिजियसने सम्राटापर्यंत जाऊच दिले नाहीत. फर्मस काही संत नव्हता. पण आपले म्हणणे ऐकलेच जाणार नाही, हे कळल्यावर त्याने शस्त्र उचलले. असंतुष्ट जमाती आणि काही रोमन तुकड्याही त्याला मिळाल्या.

बंड मोडायला ज्येष्ठ थिओडोशियस हा सेनापती गेला. दोन-तीन वर्षांच्या खडतर मोहिमेनंतर फर्मसने गळफास घेतला. आणि विजयी थिओडोशियसचे काय झाले? ३७६ च्या सुमारास कार्थेज येथे त्याचाच शिरच्छेद करण्यात आला. विजयी सेनापती हाच आता पुढचा धोका! याच थिओडोशियसचा पुत्र ३७९ मध्ये सम्राट झाला. लेप्सिसचे सत्यही कालांतराने बाहेर आले. रोमॅनसच्या कागदपत्रांत एक पत्र सापडले आणि पॅलेडियसने सम्राटाला खोटे सांगितले होते, हे त्यातून सिद्ध झाले. पॅलेडियसने आणि रेमिजियसने गळफास घेतला. लपलेले ते दोन नागरिक उजळ माथ्याने बाहेर आले. परंतु मेलेले परत आले नाहीत.

भीतीची साखळी

या तिन्ही प्रसंगांत एक समान सूत्र आहे. गादीचा मार्ग तलवारीला खुला असल्यामुळे सम्राटाला प्रत्येक कर्तबगार माणसाची भीती. भीती असल्यामुळे चहाडखोराला भाव. चहाडखोराला भाव असल्यामुळे कर्तबगार माणसाला निष्ठेपेक्षा बंड अधिक सुरक्षित. आणि प्रत्येक बंडानंतर भीती दुप्पट. ॲक्विटेनमध्ये एका मेजवानीत पलंगपोस आणि मेजावरील वस्त्रांचे जांभळे काठ एकमेकांना असे जुळले होते की, सारे एकच जांभळे वस्त्र वाटावे. एका खबऱ्याने ते पाहिले आणि त्यावरून एक श्रीमंत घराणे धुळीला मिळाले, असे अम्मियानस लिहितो.

मॅग्नेन्शियसचे बंड मोडल्यावर ब्रिटनमध्ये त्याचे समर्थक हुडकण्यासाठी पाठविलेल्या पॉलसला लोकांनी 'साखळी' हे टोपणनाव दिले होते. आरोपांच्या कड्या एकात एक अडकविण्यात तो इतका निष्णात होता. निरपराध माणसे बेड्यांत पाहून ब्रिटनचा राज्यपाल मार्टिनसने त्याला विरोध केला. पॉलसने त्यालाही साखळीत ओढू पाहिले. मार्टिनसने तलवार उपसून त्याच्यावर वार केला, तो चुकला आणि मग त्याने ती तलवार स्वतःच्या देहात खुपसली. असे प्रामाणिक अधिकारी गमावून कोणते राज्य सबळ झाले आहे?

सीमेने चुकविलेली किंमत

मॅग्नेन्शियसचा उल्लेख आलाच आहे. ३५० मध्ये ओतं येथे एका मुलाच्या वाढदिवसाच्या मेजवानीत हा सेनापती जांभळे वस्त्र लेऊन प्रकटला. ३५१ च्या सप्टेंबरात मुर्सा येथे, म्हणजे आजच्या क्रोएशियातील ओसियेक येथे, त्याची आणि कॉन्स्टॅन्शियसची लढाई झाली. बाराव्या शतकातील इतिहासकार झोनारस दोन्ही बाजूंचे मिळून ५४,००० सैनिक पडल्याचे सांगतो. आकडा फुगलेला असेल. परंतु चौथ्या शतकातलाच युट्रोपियस हळहळून नोंदवितो की, कोणत्याही परकीय युद्धाला पुरले असते एवढे बळ त्या लढाईत खर्ची पडले. दोन्हीकडे रोमन सैनिकच मेले. पुढच्या काही वर्षांत गॉलची सीमा उघडी पडली, त्याचे कारण हे.

३८३ मध्ये मॅग्नस मॅक्सिमसने ब्रिटनमधून सैन्य घेऊन गॉल गाठले. सम्राट ग्रेशियन मारला गेला. ३८८ मध्ये मॅक्सिमसचा शिरच्छेद झाला. ३९४ च्या सप्टेंबरात फ्रिजिडस नदीकाठी थिओडोशियसने यूजीनियस या वक्तृत्वाच्या अध्यापकाला, म्हणजे आर्बोगास्ट सेनापतीने गादीवर बसविलेल्या सम्राटाला, हरविले. त्या लढाईत आघाडीवर असलेल्या गॉथांची प्रचंड हानी झाली. त्यांतच अलारिक होता. ४१० मध्ये रोम शहर लुटणारा तोच.

३१ डिसेंबर ४०६ रोजी व्हँडल, अॅलन आणि सुएबी यांनी ऱ्हाइन ओलांडली. ४०७ मध्ये ब्रिटनमधील सैन्याने तिसऱ्या कॉन्स्टंटाइनला सम्राट केले आणि तो ते सैन्य घेऊन गॉलमध्ये उतरला. ४०९ मध्ये खुद्द होनोरियसने त्याला जांभळे वस्त्र पाठवून मान्यता दिली आणि ४११ मध्ये त्याचे शिर उडविले. दरम्यान त्याचाच सेनापती जेरॉन्शियस स्पेनमध्ये उलटला. या भांडणात पिरेनीजच्या खिंडी मोकळ्या राहिल्या आणि ४०९ च्या शरद ऋतूत टोळ्या स्पेनमध्ये शिरल्या. पुढे व्हँडल आफ्रिकेत उतरले आणि ४३९ मध्ये त्यांनी कार्थेज घेतले. पश्चिमेचे धान्याचे कोठार गेले. ब्रिटन तर त्याआधीच कायमचे हातचे गेले होते.

दुसरी बाजू

ही व्याधी असाध्य होती काय? नाही. साम्राज्याच्या पूर्व भागाकडे पाहा. ३९५ पासून ६०२ पर्यंत, दोनशेहून अधिक वर्षे, कॉन्स्टॅन्टिनोपलचा एकही सम्राट बंडखोराच्या हातून मारला गेला नाही. बंडे झाली, ४७५ मध्ये बॅसिलिस्कसने सुमारे वीस महिने गादी बळकावलीही. पण व्यवस्था सावरली. लष्कराचे सर्वोच्च अधिकार तेथे एका सेनापतीच्या हाती न ठेवता अनेकांत वाटलेले होते. सम्राट राजधानीत स्थिर होता, मुलकी कारभाराला वजन होते. ४९१ मध्ये सम्राट निधन पावला, तेव्हा विधवा सम्राज्ञी अॅरिअॅड्नी, अधिकारी आणि सिनेट यांच्या संमतीने अॅनेस्टेशियस हा वयस्क अधिकारी गादीवर आला. रक्तपाताविना सत्ता हस्तांतरित झाली. पश्चिमेत मात्र ४५५ ते ४७६ या काळात सम्राट सेनापतींच्या हातची बाहुली झाले आणि ओडोएसरने अखेरच्या बालसम्राटाला घरी बसविले, तेव्हा फारसे कोणी हळहळलेसुद्धा नाही.

बंधू-भगिनींनो, राज्याला दोन रस्ते सदैव खुले ठेवावे लागतात. एक, सत्ता एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याचा. तो नियमाने ठरलेला असावा आणि जिंकणाऱ्याइतकाच हरणाऱ्यालाही मान्य असावा. दुसरा, सत्य सर्वोच्च स्थानापर्यंत पोहोचण्याचा. त्यावर कोणाही नातलगाची, मर्जीतल्या माणसाची चौकी नसावी. रोमचे रस्ते जगात विख्यात होते. दगडी, सरळ, शेकडो वर्षे टिकणारे. हे दोन रस्ते मात्र त्याला बांधता आले नाहीत. पहिला नव्हता म्हणून सेनापती गादीकडे पाहू लागले. दुसरा बंद होता म्हणून जे पाहत नव्हते, त्यांनाही पाहणे भाग पडले.

ही गोष्ट साम्राज्यालाच लागू आहे असे नाही. माणसे एकत्र येऊन जे काही उभे करतात, त्या प्रत्येक संस्थेला ती लागू आहे. मॅलॅरिकस भर दरबारात उभा राहिला आणि माझे कुटुंब ओलीस ठेवा, पण या माणसाचे म्हणणे ऐका, असे म्हणाला. त्या दिवशी त्याचे ऐकले गेले असते, तर कोलोन वाचले असते. तसे बोलणारा माणूस आपल्यात असावा आणि त्याचे बोलणे वेळेवर ऐकले जावे, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.